मोजणाऱ्याने मध्ये पडावे का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून गेली दोन वर्षे मेळघाटात बालकांच्या पोषणाविषयीच्या एका अभ्यासात फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून काम करते. अभ्यासातल्या निम्म्या गावांत मुलांना जास्तीचा पोषक आहार दिला जातो आणि उरलेल्या गावांत फक्त मोजमाप होते. मी या दुसऱ्या, म्हणजे ‘कंट्रोल’ गावांत जाते. गेल्या पावसाळ्यात चौदा महिन्यांच्या एका मुलीचा दंडघेर १०.९ सेंटीमीटर भरला. मी पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, “तू मोजायला गेली आहेस. नोंद कर आणि पुढच्या घरी जा, मध्ये पडलीस तर डेटा खराब होईल.” मी नोंद केली आणि पुढच्या घरी गेले, पण रात्री झोप लागली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशाने जीप करून त्या मायलेकींना पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचवून आले. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मी अभ्यासाशी बेइमानी केली का? आणखी एक विचारते. पूर्वी अशा घरातून निघताना पाय जड व्हायचे, आता होत नाहीत. हे काम जमू लागल्याचे लक्षण आहे की माझ्यातच काही बिघडले आहे?

उत्तर : मुलीला केंद्रात नेलेत हे योग्यच केलेत, ते लपवून ठेवलेत हे चुकले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे सगळे उत्तर त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी पर्यवेक्षकांचे म्हणणे तपासू. दंडघेराच्या पट्टीवर ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल रंग असतो, कारण सहा महिने ते पाच वर्षे या वयात त्याखालच्या मुलाच्या जिवाला असलेला धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. अशा मुलाला तपासून गरजेप्रमाणे पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करणे ही सरकारी व्यवस्थेची नेहमीची जबाबदारी आहे. ती मुलगी तुमच्या अभ्यासात नसती आणि अंगणवाडीताईंच्या नजरेस पडली असती, तर त्यांनी तिला हेच करायला सांगितले असते. ‘कंट्रोल’ गाव म्हणजे जिथे नेहमीच्या सेवा जशा असतील तशा चालू राहतात ते गाव. त्या सेवांवर मुलाचा जो हक्क आहे, तो अभ्यासामुळे काढून घेतला जात नाही. तुमचा अभ्यास ‘नेहमीच्या सेवा अधिक जास्तीचा आहार’ आणि ‘नुसत्या नेहमीच्या सेवा’ यांची तुलना करतो आहे. लाल पट्टीतल्या मुलीला मुद्दाम आहे त्या अवस्थेत ठेवले, तर ती तुलनाच खोटी पडते, कारण मग आपण मोजतो ते आपणच निर्माण केलेले दुर्लक्ष. पर्यवेक्षकांचा सल्ला माणुसकीला धरून नव्हताच, पण तो शास्त्रालाही धरून नव्हता, आणि हा दुसरा मुद्दा त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

मात्र त्यांच्या भीतीत काहीच तथ्य नाही असेही समजू नका. दयेपोटी अभ्यास बिघडल्याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरचे आहे, आणि ते तुमच्या कामाच्या इतके जवळचे आहे की तुमच्या प्रकल्पातल्या प्रत्येकाने ते वाचायला हवे. १९३० साली फेब्रुवारी ते जून अशी चार महिने तिथल्या शाळांतल्या वीस हजार मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. दहा हजार मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध द्यायचे, दहा हजारांना द्यायचे नाही, आणि उंची व वजन यांत काय फरक पडतो ते पाहायचे. कोणाला दूध मिळेल हे बहुतेक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावांच्या वर्णक्रमाने ठरले. पण एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा हडकुळी मुले फारच जास्त आली असे वाटले, तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. शिक्षकच ते. ज्या पोराच्या डब्यात काही नाही आणि अंगावर धड कोट नाही, ते पोर रोज समोर बसलेले असताना त्याला दुधाच्या यादीबाहेर ठेवायला हात कसा धजावणार? परिणामी दूध न मिळालेल्या गटातली मुले मुळातच जास्त उंच आणि जास्त वजनदार निघाली. पुढच्याच वर्षी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी हा दोष उघड करून दाखवला. कपड्यांची एक बाबही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मुलांची वजने दोन्ही वेळा कपड्यांसकट केलेली होती. फेब्रुवारीतले लोकरीचे कपडे जूनमध्ये उतरले, तेव्हा सुखवस्तू घरातल्या मुलांच्या वजनातून तेवढे वजन कमी झाले. गरिबाच्या पोराकडे हिवाळ्यातही उतरवण्यासारखे फारसे काही नव्हते. त्यामुळे दुधाचा गुण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसला. वीस हजार मुले आणि एवढा खर्च, तरीही दुधाने किती फरक पडतो याचे भरवशाचे उत्तर हाती आले नाही.

या शिक्षकांना मी दोष देत नाही. पण त्यांची दया जिथे पडली ती जागा चुकीची होती. प्रयोग आखणाऱ्यांनीच ‘अतिशय कुपोषित मुलांना प्रयोगाबाहेर ठेवून त्या सर्वांना दूध द्यावे आणि उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात’ असे ठरवले असते, तर शिक्षकांना मनाची चोरी करावी लागली नसती आणि आकडेही शाबूत राहिले असते.

हे ओळखूनच १९४७ साली लंडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेताना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या सांगण्यावरून बंद लिफाफे वापरले. रुग्ण चाचणीसाठी पात्र ठरला की मगच लिफाफा उघडायचा. तोवर कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे कोणालाच कळायचे नाही, म्हणजे ‘हा फार अशक्त आहे, याला औषध मिळू दे’ असे डॉक्टरच्या मनात आले तरी हाताने काही करता येऊ नये. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसती विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. आज वाचताना या १४ जणांपाशी मन अडखळते. पण तेव्हा औषधच इतके थोडे होते की सर्वांना पुरवणे शक्य नव्हते, आणि त्या आकड्यांमुळे पुढे लाखो रुग्णांना ते खात्रीने देता आले. एक गोष्ट मात्र मला आजही समर्थनीय वाटत नाही : नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या रुग्णांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेले नव्हते.

आता दुसरे टोक. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न करता नुसते पाहत ठेवले. तुलनेसाठी २०१ निरोगी पुरुष होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा उपदंशावरचा मान्य उपचार झाला, तरीही पाहणे १९७२ पर्यंत चालूच राहिले आणि वृत्तपत्रांत बातमी फुटल्यावरच थांबले. हा प्रकार शास्त्रज्ञांच्या कोरडेपणाचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो आणि ते खरेच आहे. पण तुम्ही त्यातल्या परिचारिका युनिस रिव्हर्स यांचा विचार करावा असे मला वाटते. तीन दशकांहून अधिक काळ त्या या माणसांच्या घरी जात राहिल्या. त्यांना आपल्या गाडीतून तपासणीला नेत, घरच्यांची विचारपूस करीत. माणूस गेला की शवविच्छेदनाला घरच्यांची संमती मिळवीत आणि त्या बदल्यात अंत्यविधीच्या खर्चाची सोय होई. त्या माणसांचा त्यांच्यावर विश्वास होता, जीव होता. त्यांच्या वागण्यात आपुलकीची उणीव नव्हती. परंतु अभ्यासाचा आराखडाच निर्दय होता, आणि अशा आराखड्यात प्रेमळ माणूस नेमला की त्याच्या प्रेमळपणामुळेच माणसे टिकून राहतात आणि अन्याय जास्त काळ चालतो. म्हणून आपण गावात गोड वागतो, मुलांना खाऊ देतो, आयांची विचारपूस करतो एवढ्याने आपले समाधान होऊ देऊ नये. लाल पट्टीतले मूल दिसले की काय करायचे हे आराखड्यात लिहिलेले आहे का, ही खरी कसोटी.

आराखड्यातच करुणा असेल तर काय होते हे आपल्या गडचिरोलीत दिसले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. त्या भागात आजारी बाळाला रुग्णालयात नेणे बहुतेक आईबापांच्या आवाक्यात नव्हते. सेवा सुरू होण्यापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात मरणाऱ्या बाळांचे प्रमाण पहिल्या गावांत ६२ आणि दुसऱ्या गावांत ५८ होते. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, पहिल्या गावांतला आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही घरोघरची काळजी समाविष्ट झाली. तो ५९.६ चा आकडा वाचताना मला अजूनही थांबावे लागते, कारण त्यातले प्रत्येक मूल कोणाच्या तरी घरातले होते. पण गावातल्या जेमतेम शिकलेल्या स्त्रीने बाळाला जंतुसंसर्गाचे इंजेक्शन द्यावे ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. तिने बाळे वाचतील की उलट अपाय होईल हे आधी कोणालाच खात्रीने माहीत नव्हते, आणि जे माहीत नाही तेच शोधायचे असते तेव्हाच तुलनेचा गट ठेवण्याचा अधिकार मिळतो. उत्तर माहीत असताना तुलनेचा गट चालू ठेवणे म्हणजे टस्कीगी.

आता तुमच्या लपवण्याविषयी. त्या मुलीला तुम्ही केंद्रात पोहोचवले ही नोंद तुमच्या वहीत नाही. पुढच्या फेरीत तिचे वजन वाढलेले दिसेल आणि ते का वाढले हे विश्लेषण करणाऱ्याला कळणार नाही. एका मुलीने फरक पडणार नाही. पण तुमच्यासारखेच मन असलेल्या दहा सहकाऱ्यांनी दहा गावांत गुपचूप हेच केले, तर तुमच्या अभ्यासाचे लॅनार्कशायर होईल. म्हणून उद्याच प्रमुख संशोधकांना लेखी कळवा : तारीख, दंडघेर, पर्यवेक्षकांशी झालेले बोलणे, तुम्ही काय केलेत आणि किती खर्च आला हे सगळे. त्याबरोबर एक मागणी करा, की ठरावीक मापाखालचे प्रत्येक मूल, ते कोणत्याही गटातल्या गावचे असो, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवले जावे, त्याच्या प्रवासाचा खर्च प्रकल्पाने द्यावा आणि पाठवल्याची नोंद व्हावी. दोन्ही गटांत नियम सारखा असला की तुलनेला धक्का लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अभ्यासाच्या ओघात आढळणाऱ्या इतर दुखण्यांवरील उपचारांचाही विचार केलेला आहे, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही. प्रमुखांनी कानाडोळा केला तर नैतिकता समितीला लिहा. समितीचा पत्ता संमतीपत्रावर छापलेला असतो आणि ते संमतीपत्र तुम्हीच घरोघरी वाचून दाखवता.

राहिले जड न होणारे पाय. याचे उत्तर मी अनुभवातून देते. चाळीस वर्षांपूर्वी मीही गावोगाव मुलांची वजने केली आहेत. एका घराच्या आढ्याला साल्टर काटा टांगला होता, झोळीत मूल होते, मी आकडा वाचून कार्डावर लिहिला आणि मूल आईच्या हातात देऊन काटा उतरवू लागले. बाई म्हणाली, “काय भरलं, बाई?” मी म्हणाले, “सहा दोनशे,” आणि दोर गुंडाळत राहिले. तिला आकडा नको होता. पोर जगेल का हे विचारायचे होते. बाहेर आल्यावर माझ्याबरोबरच्या नर्सबाईंनी मला रस्त्यात थांबवले आणि म्हणाल्या, “तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.” मी परत गेले. पाय जड झाले नव्हते हे खरे, पण परत वळले एवढे पुरेसे होते.

रोज तीस घरे करणाऱ्या माणसाचे मन प्रत्येक घरी तितकेच हलले पाहिजे अशी अपेक्षा करणे चूक आहे. तसे झाले तर हात थरथरेल, पट्टी सैल बसेल आणि ११.३ चे ११.७ होईल. तटस्थ या शब्दाचा अर्थच काठावर उभा असलेला. काठावरच्यालाच प्रवाह नीट दिसतो, आणि बुडणारा माणूसही आधी त्यालाच दिसतो. मोजताना मन शांत होते याची काळजी करू नका. मोजून झाल्यावर पट्टी खाली ठेवल्यानंतर त्या आईकडे पाहावेसे वाटते की नाही, याकडे लक्ष ठेवा. तेही वाटेनासे झाले तर मात्र महिनाभर रजा घ्या आणि सहकाऱ्यांशी बोला. अशा कामावर असलेल्या माणसांना दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून मन मोकळे करण्याची सोय प्रकल्पाने केली पाहिजे, आणि ती मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करतो. आमच्या प्रयोगशाळेत ज्येष्ठ सहकारी सांगतात की उंदरांना हाताळताना जीव लावू नये, नाहीतर प्रयोगाच्या शेवटी त्रास होतो आणि निरीक्षणही बिघडते. हे खरे आहे का?

उत्तर : शेवटी त्रास होतो हे खरे आहे आणि तो व्हावाही. निरीक्षण बिघडते हे मात्र बहुतेक वेळा उलट आहे. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की उंदराला शेपटीला धरून उचलण्याऐवजी ओंजळीत घेऊन किंवा छोट्या नळीतून उचलले, तर त्याची भीती पुष्कळ कमी होते. घाबरलेल्या उंदराचे वागणे आणि त्याच्या शरीरातले बदल हे तुमच्या औषधाचे परिणाम नसतात, तुमच्या हाताचे असतात. म्हणजे इथे हळुवारपणामुळे आकडा जास्त विश्वासार्ह होतो.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन सूत्रे तुम्हाला माहीत असतीलच : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरावी, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि वेदना कमी होतील अशी पद्धत निवडावी. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेली समिती आणि प्रत्येक संस्थेतली प्राणी नैतिकता समिती हेच पाहते. पण समितीच्या अर्जात ‘सहा उंदीर प्रत्येक गटात’ असे सवयीने लिहिणे हा माझ्या मते सर्वांत सर्रास आढळणारा निष्काळजीपणा आहे. सहा हा आकडा कुठून आला हे विचारा. कमी घेतले आणि त्यातून काहीच ठरवता आले नाही, तर ते सहाही जीव वाया गेले. गरजेपेक्षा जास्त घेतले तर वरचे वाया गेले. हे गणित मन लावून करणे हीसुद्धा करुणाच आहे. उंदराला नाव द्यावे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. गट कळणार नाही अशा सांकेतिक क्रमांकांखाली निरीक्षण करत असाल तर नावाने काही बिघडत नाही.

प्रश्न : माझे वडील एका औषधचाचणीत आहेत. त्यांना खरे औषध मिळते आहे की दिसायला तसेच असलेले निष्क्रिय औषध, हे त्यांच्या डॉक्टरांनाही माहीत नाही म्हणतात. डॉक्टर फार मायेने वागतात, पण माहीत नसताना ते काळजी घेणार कशी?

उत्तर : तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांना माहीत नसले तरी कोणालाच माहीत नाही असे नसते. अशा मोठ्या चाचण्यांत उपचार करणाऱ्यांपासून वेगळी, स्वतंत्र तज्ज्ञांची एक देखरेख समिती असते. ती ठरावीक टप्प्यांवर दोन्ही गटांचे आकडे पाहते आणि फरक स्पष्ट झाला तर चाचणी मध्येच थांबवायला सांगते. गरोदर एचआयव्हीबाधित स्त्रियांना झिडोव्हुडिन दिल्यास बाळाला लागण कमी होते का, हे पाहणारी चाचणी १९९४ च्या फेब्रुवारीत अशीच थांबवण्यात आली, कारण औषध न मिळालेल्या गटात २५.५ टक्के बाळांना आणि औषध मिळालेल्या गटात ८.३ टक्के बाळांना लागण झाल्याचे दिसले. डॉक्टरांनी माया करायची आणि आकड्यांची राखण दुसऱ्यांनी करायची, अशी ही वाटणी जाणूनबुजून केलेली असते. डॉक्टरांना गट कळला तर ते नकळत एका रुग्णाकडे जास्त लक्ष देतील, आणि मग काय औषधाने झाले व काय लक्षाने झाले हे सांगता येणार नाही.

तरी तुमची काळजी रास्त आहे. वडिलांच्या चाचणीसाठी अशी देखरेख समिती आहे का, ती किती दिवसांनी आकडे पाहते आणि प्रकृती बिघडल्यास गट उघड करण्याची सोय रात्री-बेरात्रीही आहे का, हे डॉक्टरांना विचारा. अशी सोय असायलाच हवी. औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे अपाय झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद आहे, आणि वडिलांना वाटेल तेव्हा, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते. त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे असली पाहिजे. ती नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या आणि त्यावर नैतिकता समितीच्या सचिवांचा फोन क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहा.